मटण ठरलेलंच असतं, आता बोला स्टार्टरचं

यंदा नाताळचं जेवण तुमच्याकडे आहे, तेव्हा आधी अभिनंदन. पस्तीस-चाळीस माणसं धरून चाला. पुण्याची गाडी भरून येईल, मुंबईचे महालक्ष्मी एक्स्प्रेसने भल्या पहाटे मिरजेला उतरतील, आणि ‘आम्ही नुसतं भेटून जातो, जेवायला काय थांबत नाही’ म्हणणारी विश्रामबागेतली मंडळी सगळ्यांच्या आधी खुर्च्या धरून बसतील.

मधल्या जेवणाची काळजी करू नका. ते तुमच्या हातात नाहीच. सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, पुलाव, भाकरी, कांदा-लिंबू. हे आजोबांच्या काळापासून ठरलेलं आहे, आणि त्यात बदल सुचवणाऱ्याला आमच्या सांगली-मिरजेकडे पाळकसाहेबही वाचवू शकत नाहीत. माणशी पाव किलो, विषय संपला. त्यामुळे घरातले जुने मानापमान, बहिणी-बहिणींची चढाओढ, सुनांची परीक्षा आणि पुण्या-मुंबईचा थाट यांना शिरायला दोनच जागा उरतात. एक जेवणाआधीची, एक जेवणानंतरची. तेव्हा स्टार्टर आणि गोड निवडताना चवीचा विचार मध्ये आणू नका. गोंधळ होतो.

सुरुवात फॅमिली ग्रुपवर करा. ‘स्टार्टरला काय करायचं?’ एवढंच विचारा आणि फोन बाजूला ठेवून कपडे वाळत घालून या. तोवर लॉलीपॉप, चिकन ६५, पनीर चिली आणि ‘तुम्ही कराल ते चालेल’ अशी चार मतं आलेली असतील. यातल्या चौथ्या मताला सर्वांत जास्त भ्या. ‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्या आत्यांना आजवर काहीही चाललेलं नाही.

कुणीतरी साधा माणूस मध्येच म्हणेल, अहो, पांढरा रस्सा वाट्यांतून आधी फिरवला की झालं! गरम असतो, भूक चाळवतो, आणि मटण शिजलं म्हणजे तो झालेलाच असतो. अशा माणसाला ताबडतोब ग्रुपमधून काढा. तो म्हणतोय ते खरं आहे, पण पांढरा रस्सा आधी दिला तर त्याला स्टार्टर कोण म्हणणार? घरात रोज होणारी वस्तू पाहुण्यांपुढे ठेवायची नसते. पाहुणे आपापल्या घरी तीच खाऊन कंटाळलेले असतात, असं आपण मानायचं. (ते कंटाळलेले नसतात. दरवर्षी रस्साच कमी पडतो.)

खरं तर स्टार्टर तुम्ही द्यायच्या आधीच सुरू झालेला असतो. मटणाचं पातेलं रटरटायला लागलं की ‘मीठ बघायला’ एकेक जण आत येतो. मामा वाटी घेऊन येतात, दोन फोडी आणि नळी घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, ‘मीठ बरोबर आहे.’ मग दाजी येतात, कारण मामांच्या जिभेवर त्यांचा भरवसा नाही. मग मुलं. चर्चमध्ये शेवटचं गीत चालू असताना ज्यांची चुळबुळ सुरू झाली होती, ते सगळे या तपासणी पथकात असतात. पहिली पंगत बसेपर्यंत मीठ इतक्या जणांनी तपासलेलं असतं की पातेल्याचा तळ दिसायला लागतो. या प्रथेवर उपाय शोधू नका. लॉलीपॉप तळायला मात्र घ्या.

लॉलीपॉप का? कारण तो आधी करून ठेवता येत नाही. ठेवला की मऊ पडतो. म्हणजे पंचवीस तारखेची उपासना आटोपून सगळे नव्या कपड्यांत दिवाणखान्यात गप्पा मारत असताना घरातल्या एका बाईने कढईपुढे उभं राहायलाच हवं. ही बाई कोण, हे मेन्यू ठरवणारे पुरुष ठरवत नाहीत. ते आपोआप ठरतं. बहुतेक वेळा या वर्षी लग्न होऊन आलेली सून असते, आणि तिच्या अंगावर पहिल्या नाताळची साडी असते. तिला सांगा, घाण्यात एका वेळी भरपूर तुकडे सोड. गार तुकडे एकदम पडले की तेलाची आच उतरते, आवरण कुरकुरीत व्हायच्या ऐवजी तेल पीत बसतं आणि आतलं मांस हाडाजवळ लाल राहतं. मग आत्या तो तुकडा उचलून उजेडात धरतील आणि कुणाकडेही न बघता म्हणतील, ‘आमच्याकडे बाई दोन-दोन करून तळतात.’ स्टार्टर झाला.

मुंबईची मंडळी प्रॉन कॉकटेल सुचवतील. नाही म्हणू नका. इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकात याची फार चलती होती. काचेच्या पेल्यात सॅलडची पानं, वर उकडून गार केलेली कोळंबी, आणि तिच्यावर मेयोनीज-टोमॅटो सॉसचा गुलाबी लेप. सांगलीला कृष्णा आहे, समुद्र नाही. तेव्हा कोळंबी रत्नागिरीहून आंबा घाट चढून येणार, बर्फ वाटेतच वितळणार, आणि ती गार खायची असते हे तुम्ही चाळीस जणांना समजावणार. ‘शिजलीय ना?’ हा प्रश्न येत राहील. अखेर मोठ्या काकू उठतील, सगळे पेले एका परातीत उपडे करतील, कोळंबी धुतील आणि कढईत कांदा-लसूण चटणीवर परतून आणतील. पाच मिनिटांत फडशा. मुंबईची मंडळी सगळ्यांत जास्त खातील आणि वर म्हणतील, ‘बघा, म्हटलं होतं ना, प्रॉन्स करा!’

शाकाहारी पाहुण्यांचा विचार चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत करू नका. ते असतातच. धाकट्या मुलीच्या सासरचे आहेत, ऑफिसातले आहेत, आणि शेजारचे पाटील आहेत. सांगलीत पाटील म्हटल्यावर ते मराठा, जैन की लिंगायत हे विचारल्याशिवाय कळत नाही, म्हणून वीस वर्षं शेजारी राहूनही विचारू नका. त्यांच्यासाठी हराभरा कबाब करा. नाव हिरवं आहे, आत बटाटा आहे आणि कांदा-लसूण आहे. पाटील जैन निघाले तर ते पापड खातील आणि तुमच्या मुलांचं कौतुक करतील. माणसं फार सभ्य आहेत. नाताळ मार्गशीर्षातल्या गुरुवारी आला तर मुलीच्या सासूबाईंचा उपास असेल. त्यांना फ्रूट प्लेट द्या, आणि ती लॉलीपॉपच्या ताटाला अगदी चिकटून ठेवा.

आता गोड.

इथे मूळ अडचण अशी की गोड घरात आधीच तुडुंब असतं. नाताळच्या आठवडाभर आधीपासून करंज्या, शंकरपाळ्या, रव्याचे लाडू, अनारसे करून डबे भरलेले. शेजारी ताटं पाठवून झालेली, कारण दिवाळीत त्यांची ताटं आलेली. चकल्या तिखट म्हणून सोडून देऊ. शिवाय पुण्याहून येणारा प्रत्येक जण साताऱ्यात थांबून कंदी पेढ्यांचा बॉक्स घेतो आणि प्रत्येकाला वाटतं की हे आपल्यालाच सुचलं. दुपारपर्यंत फ्रिजवर कंदी पेढ्यांचा मनोरा उभा राहतो. तरी तुम्ही ‘गोडाला काय करायचं?’ हा प्रश्न विचारायचाच. करंजीला डेझर्ट म्हणण्याइतका धीट माणूस अजून आपल्या घराण्यात जन्मलेला नाही.

केक हवा. प्लम केक. त्याला बेदाणे दूर शोधायला जायला नको, तासगाव हाकेच्या अंतरावर आहे, आणि सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तरी तुम्ही परदेशी पाकिटातलेच आणा. पाकिटावर इंग्रजी असलं की बेदाणा जास्त गोड लागतो.

आता ते भिजवायचे कशात, हा खरा प्रश्न. महिनाभर रममध्ये मुरवलेला केक टिकतो आणि चवीलाही उतरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचं हॉस्पिटल काढलं, आणि तिथल्या आवारात ज्यांच्या दोन-दोन पिढ्या गेल्या, त्यांच्या घरात दारूचं नावही निघत नाही. काका तर वास घेऊनच उठून जातील. म्हणून दोन केक करा. एक संत्र्याच्या रसातला, एक रममधला. दोन्ही दिसायला सारखे, चिठ्ठी कशावरच नको. मग बघत राहा. काका एका केकचा एक तुकडा घेतील आणि दुसऱ्याचे तीन. ‘हा जास्त चांगला मुरलाय, रसातला दिसतोय,’ असं म्हणून उरलेला घरी न्यायला बांधूनही मागतील. तोंड उघडू नका. वर्षभर पुरेल इतका आनंद आहे यात.

लंडनला जाऊन आलेला पुतण्या असेल तर ख्रिसमस पुडिंगचं नाव निघेल. आनंदाने त्याच्यावरच सोपवा. हे पुडिंग ऐनवेळी होत नाही. तिकडे आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या चार आठवड्यांच्या, आधीच्या रविवारी ते कालवायची रीत आहे, ख्रिस्त आणि बारा शिष्य म्हणून तेरा जिन्नस घालतात, कित्येक तास वाफेवर शिजवतात, मुरवतात, आणि वाढताना वर ब्रँडी ओतून पेटवतात. पुतण्याला हे सगळं बावीस डिसेंबरला आठवेल. पेटवायचा भाग मात्र तो नक्की करेल, पडद्याच्या जवळ. आणि गोव्याची जाऊ असेल तर तिला बेबिंका करायला सांगा. नारळाचं दूध आणि अंड्यांचे बलक घालून एक थर ओतायचा, वरून आच देऊन भाजायचा, मग त्यावर दुसरा, मग तिसरा, असे निदान सात. तिने ‘किती जणांना?’ विचारलं तर ‘घरचेच आहोत’ म्हणा.

या सगळ्यात माझी खास शिफारस जेलीची. मुलांना आवडते, रंगीत दिसते, स्वस्तात होते. फक्त तिच्यात ताजा अननस चिरून घाला. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते जिलेटिनमधलं प्रथिन तोडून टाकतं, त्यामुळे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली तरी जेली पाण्यासारखीच राहते. डब्यातला अननस चुकूनही घेऊ नका. तो डबाबंद करताना तापवलेला असतो, विकर मेलेलं असतं आणि जेली छान घट्ट बसते. मग लोक बोलणार कशावर? जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून निघतं, ते पाटलांना सांगायचं तुमच्या बरोबर आयत्या वेळी, त्यांच्या हातात वाटी असताना लक्षात येईल. समुद्री शेवाळापासूनचा चायना ग्रास वापरला असता तर हे टळलं असतं, अननसासकट. पण आपण टाळायला बसलेलो नाही.

शुगर असलेल्या मंडळींना वेगळं काही करू नका. त्या ‘एवढासाच दे’ म्हणून प्रत्येक पदार्थातलं एवढंसंच घेतात आणि बेरीज करायला कुणी जात नाही.

एवढं सगळं टेबलावर मांडून झालं की दारात धाकटे मामा उभे राहतील. त्यांना कुणी काही आणायला सांगितलेलं नसतं. ते नरसोबाच्या वाडीवरून आलेले असतात आणि हातात बासुंदीची बरणी असते. पुढच्या दहा मिनिटांत लोक करंजी मोडून बासुंदीत बुडवत असतील आणि सात थरांची बेबिंका शिष्टासारखी एका बाजूला बसून असेल. मामांना ‘कशाला आणलंत?’ असं म्हणा, पण बरणी हातातून सोडू नका. तळाला साय असते.

भांडी घासताना आत्या स्वयंपाकघराच्या दाराला टेकून जाहीर करतील, ‘पुढच्या वर्षी सगळ्यांनी आमच्याकडे. आणि स्टार्टर-बिर्टर काही नको, नुसतं मटण.’ दिवाणखान्यातून टाळ्या येतील. तुम्हीही वाजवा. आणि टाळ्या थांबायच्या आत म्हणा, ‘गोड मी आणते आत्या, तुम्ही काही करू नका.’ जेलीचे साचे धुऊन वर ठेवा, अननस तेवढा आदल्या दिवशी घ्या.