सिस्टरला काढलं. पुढे?

सकाळपासून ग्रुपवर एकाच बातमीवर टाळ्या वाजतायत. चुकीचं इंजेक्शन, पेशंट दगावला, सिस्टर निलंबित. खाली 'बरं झालं', 'आत टाका', 'तिलाच द्या तेच इंजेक्शन'. हे शेवटचं वाचून फोन बाजूला ठेवला होता, पण राहवलं नाही. लांबलचक होणार आहे, सांगून ठेवते.

ज्या घरातलं माणूस गेलं त्यांच्या रागाबद्दल मला एक अक्षर बोलायचं नाही. मी बोलतेय ते बाकीच्यांशी. ते औषध त्या सिस्टरच्या हातात आलं कसं, हे बातमीत कुठे होतं का? लिहून कोणी दिलं, फार्मसीतून सोडलं कोणी, त्या रात्री ती एकटी किती पेशंट बघत होती? काही नाही. एक नाव मिळालं आणि सगळ्यांचं समाधान झालं.

माझ्या बाबांचं तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्यांना पेनिसिलिन चालत नाही. कॅज्युअल्टीत आम्ही हे सांगितलं, तिथल्या डॉक्टरांनी केसपेपरवर लाल पेनाने लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. मी शेजारीच उभी होते. तिथून आयसीयू, आयसीयूतून वॉर्ड. आणि वॉर्डात, रात्रीची ड्युटी बदलायच्या वेळी, त्याच गटातलं अँटिबायोटिक शिरेतून गेलं. काही मिनिटांत ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. वाचले. ज्या सिस्टरने इंजेक्शन दिलं तिच्याच लक्षात आलं, तीच डॉक्टरांना हाका मारत ॲड्रिनॅलिन घेऊन आली. दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीसही तिलाच.

लाल पेनाचा तो कागद कॅज्युअल्टीच्या फाइलमध्ये होता. आयसीयूचा चार्ट वेगळा. फार्मसीच्या कॉम्प्युटरवर नाव, बेड नंबर आणि औषध, ॲलर्जीचा रकानाच नाही. प्रत्येक टेबलावर कॉम्प्युटर होता आणि एकावरचं दुसऱ्याला दिसत नव्हतं. जिच्या हातात सिरिंज होती तिच्यापर्यंत ती दोन रेघांखालची गोष्ट पोचायला वाटच नव्हती. मग नोटीस तिलाच का? तशी सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याला का नाही?

हे फक्त गरीब दवाखान्यांत होतं असं कोणी म्हणू नका. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्टसारख्या नावाजलेल्या रुग्णालयात 2017 मध्ये रॅडोंडा वॉट नावाच्या नर्सने वॉर्डातल्या औषधं काढून देणाऱ्या यंत्रावर औषधाच्या नावाची पहिली दोन अक्षरं टाईप केली. शामक औषध हवं होतं, यंत्राने समोर आणलं स्नायू लुळे पाडणारं. पेशंट गेली. नर्सने लगेच कबुली दिली. रुग्णालयाने ती चूक सरकारी यंत्रणेला कळवलीच नाही, पुढच्या वर्षी एका निनावी तक्रारीतून ती बाहेर आली. आणि 2022 मध्ये कोर्टात दोषी कोण ठरलं? एकटी नर्स. तिच्याही चुका होत्या, बाटलीवरचा इशारा तिने वाचला नव्हता, मान्य. पण किमान पाच अक्षरं टाईप केल्याशिवाय यंत्राने औषध दाखवूच नये, ही सोय करायला कोणाचा जीव जाईपर्यंत थांबायचं होतं का? कबूल करणाऱ्याला तुरुंगाची भीती दाखवली, की पुढची चूक कोण सांगेल?

मला जबाबदारी हवीच आहे. तुमच्यापेक्षा जास्त हवी आहे, कारण त्या रात्री मी तिथे होते. बाबा घरी आल्यावर आम्ही लेखी विचारलं: नेमकं काय घडलं, आणि आता काय बदललंत? उत्तर आलं, 'संबंधितांवर कारवाई केली आहे'. म्हणजे त्या सिस्टरची बदली. फार्मसीच्या स्क्रीनवर तो रकाना आला की नाही, आजही आम्हाला माहीत नाही. त्याच बेडवर त्यानंतर किती जण झोपून गेले असतील.

बोस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचे सर्जन होते. प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवायचं, वर्षाने त्याचं काय झालं ते तपासायचं आणि चुकलं असेल तर का चुकलं ते लिहायचं, असा त्यांचा आग्रह होता. 1911 ते 1916 या काळात स्वतःच्या छोट्या रुग्णालयातल्या 337 पेशंटांमागे 123 चुका त्यांनी नोंदवल्या आणि छापून जाहीर केल्या. व्यवसायातल्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. शंभर वर्षं उलटून गेली, चूक उघड सांगणाऱ्याची गत अजून तीच आहे.

आता तर कार्डंसुद्धा लिहायला नकोत. एका पेशंटचं एकच पान, डॉक्टर, सिस्टर, फार्मसी, लॅब सगळ्यांना एकाच वेळी दिसणारं. प्रत्येक नोंदीपुढे नाव आणि वेळ. ॲलर्जी एकदा लिहिली की ते औषध फार्मसीतून सुटणारच नाही. ड्युटी बदलताना देणाऱ्याने लिहायचं आणि घेणाऱ्याने 'वाचलं' म्हणून सही करायची. होता होता टळलेली चूकही त्याच पानावर, आणि त्यावर कोणी काय केलं तेही. नातेवाइकांना औषधांची यादी बघता यावी. मी ती पाहिली असती तर मीच ओरडले असते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची एक यादी आणली. टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं, पेशंटला कशाची ॲलर्जी आहे का हे विचारायचं, असली साधी कामं. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून बघितली तर मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलं. एका कागदाने!

हो, सॉफ्टवेअरही डोकेदुखी होतं. सतत लाल खिडक्या उघडत राहिल्या की डॉक्टर न वाचता 'ओके' दाबतात. टाईप करण्यात सिस्टरचा पेशंटजवळचा वेळ जातो. आणि जो नशेत ड्युटीवर येतो, नोंदी खोट्या लिहितो, त्याला काढाच.

पण त्या रात्रीची ती मुलगी तशी नव्हती. बाबांचा श्वास नीट होईपर्यंत त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, स्वतः थरथरत. बाबा आजही तिच्याबद्दल विचारतात, कुठे असेल म्हणून. रागाने लिहायला बसले होते, तिची आठवण आली की राग भलतीकडेच जातो.

माझ्या यादीत डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट बरेच आहात. तुमच्याकडे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती कशी सोपवतात, ॲलर्जी कुठे लिहितात आणि ती कोणाकोणाला दिसते, ते खाली लिहा. रुग्णालयाचं नाव नको, कोणा माणसाचं नको, फक्त पद्धत सांगा. आणि शिव्या द्यायला येणाऱ्यांनी ही पोस्ट सोडून पुढे जा, मी कमेंट काढून टाकणार आहे.