कोळी मुतत बितत नाही हो, आधी साबणाने धुवा

चार दिवसांत तीन ग्रुपवर तोच फॉरवर्ड आलाय. "कोळी अंगावर मुतला की फोड येतात, लगेच चुना लावा, वरच्या बाजूला घट्ट बांधा, विष उतरतं, डॉक्टरकडे जायची गरज नाही." खाली लोकांनी हात जोडलेत, म्हटलं आता लिहावंच.

पहिलं म्हणजे मुतण्याचं. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर भाजल्यासारखा लांबट पट्टा आणि त्यात बारीक फोड दिसतात ना, ते बहुतेक वेळा एका किड्याचं काम असतं, शास्त्रीय नाव पेडेरस. मुंगीसारखा लांबुळका, केशरी-काळा, सेंटिमीटरभर जेमतेम, ट्यूबलाइटच्या उजेडाला येतो. तो चावत नाही की डंख मारत नाही, आपणच झोपेत त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं भाजणारं रसायन कातडीवर पसरतं, आणि फोड यायला एक-दोन दिवस जातात त्यामुळे किडा कुणाला आठवतच नाही, आळ येतो कोपऱ्यातल्या कोळ्यावर. अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर लगेच साबण-पाणी.

दुसरी गडबड जास्त महागात पडते. छातीच्या किंवा कमरेच्या एकाच बाजूला पट्ट्यात फोड आणि त्याआधी दोन दिवस नुसती आग, ठणका, तर ती नागीण असू शकते, म्हणजे लहानपणच्या कांजण्यांचाच विषाणू परत जागा झालेला. तिच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या. आमच्या मावशीने "कोळी फिरला" म्हणून पाच दिवस चुना थापला, वरून तो चुन्याने भाजलेला भाग वेगळा निस्तरावा लागला.

चुना विष ओढतो म्हणे. अहो, कोळ्याचं विष दातांमधून कातडीच्या आत जातं, वरचा लेप ते काय ओढणार! चुना स्वतःच कातडी जाळतो. टूथपेस्टचंही तेच, गार वाटतं एवढंच. घट्ट बांधून फक्त रक्त अडतं, आणि ब्लेडने कापून चोखणं तर विचारूच नका.

"डॉक्टरची गरज नाही" हे मात्र अर्धं खरंय. घरातल्या बहुतेक कोळ्यांचा चावा म्हणजे थोडी लाली, सूज, खाज. साबणाने धुवायचं, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-दहा मिनिटं शेकायचं, हात-पाय उशीवर वर ठेवायचा, दुखलं तर पॅरासिटामॉल, खाजलं तर सेटिरिझिन, खाजवायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालेलं नसेल तर विचारून घ्या. लालीच्या कडेने पेनने रेघ मारून ठेवा, रेघेबाहेर गेली की कळतं.

पण चावा काळा पडायला लागला, ताप आला, अंगात किंवा पोटात पेटके (स्नायूंचे गोळे) आले, ओठ-चेहरा सुजला, किंवा चावलेलं माणूस म्हणजे लहान मूल असेल तर घरी बसू नका. श्वास लागत असेल तर थेट 108. सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणारे मोठे केसाळ कोळी आहेत, त्यांच्या चाव्याने स्नायूंचे गोळे येतात, तेही जोरदार, तेव्हा ट्रेकला हात घालताना बघून घाला. आणि कोळी मेलेला सापडला तर फेकू नका, डबीत घालून सोबत न्या, नाहीतर लांबूनच एक फोटो काढा.