पाय जमिनीला टेकत नसतील तर ती खुर्ची आरामदायी कशी?

आज दुपारी भाचीसाठी गेमिंग खुर्ची पाहायला म्हणून लातुरातल्या एका मोठ्या फर्निचरच्या दुकानात गेले होते आणि तिथे डोके जे तापले ते अजून शांत झालेले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. भाची व्हिडिओ संपादनाचे काम शिकते, रात्री मैत्रिणींबरोबर ऑनलाइन खेळते, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास ती संगणकासमोर असते. तिची उंची जेमतेम पाच फूट आहे. दुकानातल्या तरुणाने तिला सर्वांत महागड्या खुर्चीत बसवले तेव्हा तिचे पाय अधांतरी राहिले. मी विचारले, "ही यापेक्षा खाली जात नाही का?" त्याने बैठकीखालची दांडी ओढून दाखवली, खुर्ची आधीच तळाला होती. मग मी विचारले की कमी उंचीच्या माणसासाठी दुसरी एखादी आहे का. त्यावर तो अत्यंत उत्साहाने म्हणाला, "आहे की ताई, लेडीजसाठी गुलाबी आहे बघा." आणि त्याने ती आणलीसुद्धा. तीच खुर्ची, तोच सिलेंडर, तेवढीच लांब बैठक, फक्त रंग गुलाबी आणि डोक्यापाशी मांजरीचे दोन कान.

मी उंची विचारली होती, रंग नव्हे.

शेजारच्या कापडाच्या दुकानातून मी टेप मागून आणला, कारण खुर्च्या विकणाऱ्या त्या तीन मजली दुकानात एक टेप नव्हता. खुर्ची सर्वांत खाली असताना बैठकीची जमिनीपासूनची उंची साडेअठरा इंच भरली. भाचीच्या गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर, पायात चप्पल असताना, साडेपंधरा इंच. बैठकीची खोली एकवीस इंच आणि तिची मांडी पाठीपासून गुडघ्याच्या घडीपर्यंत सतराच्या आसपास. ज्याला बेरीज-वजाबाकी येते त्याला यापुढे काही समजावून सांगण्याची गरज नाही, पण त्या तरुणाने मात्र "गादी दबली की बरोबर होतंय" असे उत्तर दिले. गादी तीन इंच दबत असेल तर ती गादी घेण्याच्या लायकीची नाही, एवढे मी त्याला तिथेच ऐकवले.

हा विषय मला इतका लागण्याचे कारण असे की हीच खुर्ची, म्हणजे याच जातीची, आमच्या घरात आहे. २०२० च्या टाळेबंदीत माझे धाकटे दीर पुण्याहून लातूरला आले आणि कंपनीचे काम घरूनच करू लागले. त्यांनी ऑनलाइन गेमिंग खुर्ची मागवली, ओसरीत बसून तिचे सगळे स्क्रू स्वतः आवळले आणि त्या खुर्चीत ते असे काही शोभून दिसले की घरातल्या प्रत्येकाने तिचे कौतुक केले. दीर सहा फूट उंच आहेत. त्यांचे तळवे जमिनीवर सपाट टेकत, कंबरेची उशी बरोबर कंबरेत बसत असे आणि मानेची उशी मानेखाली. पुण्याला परत जाताना ते म्हणाले, "वहिनी, खुर्ची तुमच्यासाठीच ठेवून जातो, दिवसभर बसावं लागतं तुम्हाला." मी लोकांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे करते, हे लक्षात ठेवून माणूस पंधरा-वीस हजारांची वस्तू ठेवून गेला, याचे अप्रूप मला तेव्हाही होते आणि आजही आहे. माझे भांडण दिरांशी नाही.

माझे भांडण त्या खुर्चीशी आहे. मी पाठीला पाठ टेकवून बसले की पाय लोंबकळत, बैठकीची पुढची कड मांडीच्या खालच्या बाजूला रुतत असे आणि तासाभरात पोटऱ्यांना मुंग्या येत. पाय टेकवायचे म्हटले की पुढे सरकून कडेवर बसावे लागे. मग पाठ, कंबरेची उशी, मानेची उशी या सगळ्यांसाठी मोजलेले पैसे माझ्या मागे रिकामे बसून राहत. शेवटी मी जेवणाचा एक पाट पायाखाली घेतला. ते पाहून सासूबाई म्हणाल्या, "पाटावर पाय ठेवतात का कुणी?" त्यांचे म्हणणे रास्त होते, म्हणून पाट उचलला आणि घर बांधताना उरलेले शहाबादी फरशीचे तुकडे एकावर एक रचले. मार्चअखेरची कामे मी त्या तुकड्यांवर पाय ठेवून पार पाडली आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणत राहिला की काय छान खुर्ची आहे तुमची, राजेशाही.

पायाखाली आधार घेण्यात काही चूक नाही, हे मान्य. टेबल तीस इंचांचे असते आणि ते कापून बुटके करता येत नाही, त्यामुळे खुर्ची वर घेऊन पायाखाली काहीतरी घेणे हा उपाय चांगल्या कार्यालयांतही सांगितला जातो. पण मग तो आधार खुर्चीबरोबर द्यावा, गिऱ्हाइकाला फरशीचे तुकडे शोधायला लावू नये.

आता या खुर्चीत काय काय हलते, याचे दुकानात केवढे कौतुक चालते ते पाहा. हात ठेवायचे दांडे "फोर-डी" आहेत, म्हणजे ते वर-खाली होतात, आत-बाहेर सरकतात, पुढे-मागे जातात आणि थोडे वळतात. हे चारही प्रकार त्या तरुणाने भाचीला करून दाखवले. ते सर्वांत खाली किती जातात, एवढेच त्याला सांगता येईना, कारण ते कोणी विचारतच नाही. खाली नेऊनसुद्धा भाचीचे कोपर त्यांवर टेकले की खांदे कानांकडे उचलले जात होते. कोपर काटकोनात आणि खांदे सैल, यासाठी तर ते दांडे असतात. खांदे उचलून ठेवणारा दांडा चार दिशांना हलला काय आणि चाळीस दिशांना हलला काय. शिवाय तो टेबलाच्या खणाला आपटतो आणि खुर्ची आत सरकत नाही, हा आमच्या घरचा अनुभव.

"क्लास फोर सिलेंडर आहे ताई," असेही तो दोनदा म्हणाला. हा सिलेंडर म्हणजे बैठकीखालची नायट्रोजन भरलेली नळी. दांडी ओढली की तिची झडप उघडते, आपल्या भाराने खुर्ची खाली जाते आणि भार उचलला की वर येते. क्लास हा तिच्या मजबुतीचा दर्जा आहे. खुर्ची किती खाली जाईल हे त्या दर्जावर नव्हे, नळीच्या लांबीवर ठरते, आणि आखूड नळीही बाजारात असते. नळी खाली पाच पायांच्या मधल्या भोकात आणि वर बैठकीच्या यंत्रणेत केवळ दाबाने घट्ट बसलेली असते, त्यामुळे ती बदलता येते. मी त्याला हे विचारले तर तो हसला आणि म्हणाला, "तसं कुणी घेत नाही." कोणी घेत नाही कारण तुम्ही कोणाला सांगतच नाही!

बैठकीखाली समोरच्या बाजूला एक गोल मूठ असते, तिच्याकडे तर त्याने पाहिलेही नव्हते. मागे रेलताना खुर्ची किती जोर मागेल, ते त्या मुठीने ठरते. भाची हलकी आहे. तिने मागे रेलून पाहिले तर खुर्ची ढिम्म हलेना. मी खाली वाकून मूठ सैल केली तेव्हा कुठे ती डुलली. त्या मुलाने ते माझ्याकडूनच शिकून घेतले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तो दाखवील अशी आशा करते.

पाठ किती अंशांत झुकते, हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ आहे. एकशे ऐंशी अंश! आडवी होते! थोडे मागे रेलून बसल्याने कंबरेवरचा भार हलका होतो, हे खरे आहे, आणि मानेची ती उशी मागे रेलल्यावरच बरी वाटते हेही खरे. पण काम करणारा किंवा खेळणारा माणूस शंभर-एकशे दहा अंशांच्या पलीकडे जातो कधी? पलीकडे गेला की हात कीबोर्डपर्यंत पोहोचत नाहीत. झोपायला आमच्याकडे बाज आहे. आमच्या घरची खुर्ची दिरांच्या मुलाने आल्या-आल्या आडवी करून पाहिली, त्यानंतर ती कोणी आडवी केलेली नाही.

या खुर्चीचा आकार मुळात शर्यतीच्या मोटारीतून आला आहे. डीएक्सरेसर ही कंपनी आधी मोटारींची आसने करत असे आणि २००६ मध्ये तिने तोच आकार संगणकापुढे आणला. पुढे सगळ्यांनी त्याच साच्याची नक्कल केली. शर्यतीत गाडी भरधाव वळते तेव्हा चालक बाजूला फेकला जाऊ नये म्हणून आसनाच्या दोन्ही कडा उंच करून त्याचे खांदे आणि मांड्या धरून ठेवतात. आमच्या माडीवरच्या खोलीत कोणते वळण आहे? मांडीच्या कडा इतक्या उंच की मांडी घालून बसता येत नाही, आणि मी तर दुपारी दोननंतर मांडी घातल्याशिवाय बसूच शकत नाही. तुमच्यापैकी किती जणी खुर्चीवर मांडी घालून काम करतात, हे मला ठाऊक आहे. उगाच नाही म्हणू नका. खांद्यापाशी जे पंख असतात ते दिरांच्या खांद्यांच्या बाहेरून जात, माझ्या खांद्यांना मात्र ते मागून पुढे ढकलत, आणि कंबरेची उशी इलॅस्टिकवरून घसरत घसरत कधी पाठीच्या मध्यावर तर कधी बैठकीवर येऊन पडे.

उशी देऊन माप भागत नाही. सहा नंबरच्या पायाला नऊ नंबरची चप्पल देऊन पुढे कापूस भरा, असे चपलांचा दुकानदार म्हणाला तर आपण ऐकून घेऊ का?

आणि हे काही अशक्य नाही. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी हर्मन मिलरसाठी केलेली एरॉन ही कार्यालयीन खुर्ची १९९४ मध्ये बाजारात आली, तेव्हाच ती ए, बी आणि सी अशा तीन मापांत होती, आणि तिला फोमची गादी नव्हती, ताणलेली जाळी होती. गेमिंग खुर्च्यांतही सिंगापूरच्या सीक्रेटलॅबने एकच खुर्ची लहान, मध्यम आणि मोठी अशी काढली आहे. त्यांच्या किमती आपल्या आवाक्याबाहेरच्या आहेत, हे मीच सांगते, म्हणजे कोणाला कॉमेंटमध्ये सांगायचे कष्ट नकोत. पण नळी तीन इंच आखूड बसवायला असा किती खर्च येणार?

जाळीवरून आठवले. माझे वडील पंचायत समितीत लिपिक होते आणि त्यांची खुर्ची सागवानी होती, बैठक आणि पाठ वेताने विणलेली. तिच्यात काहीही वर-खाली होत नव्हते. एप्रिल-मेमध्ये शाळेला सुट्टी लागली की मी त्यांचा डबा घेऊन जात असे आणि ते साहेबांकडे गेले की त्या खुर्चीत बसून घेत असे. भिंती तापलेल्या, पंखा बंद, पण पाठीला घाम नसे, कारण विणीतून वारा आरपार जाई. वीण सैल झाली की विणणारा येऊन व्हरांड्यात बसे, ओला वेत तोंडात धरून एकेक पट्टी ओढून घेई आणि खुर्ची पुन्हा नवी होई. आमच्या घरच्या गेमिंग खुर्चीचे कातडे म्हणजे रेक्झिन, आणि लातूरचा मे महिना चाळिशीच्या पुढे गेला की तिच्यावर बसलेल्या माणसाचा ब्लाउज किंवा सदरा पाठीला चिकटतो. वीज गेली तर विचारूच नका. काही उन्हाळ्यांनी त्या रेक्झिनचे पापुद्रे निघू लागले. आता कोणी पांढरे कपडे घालून बसले की पाठीवर काळे तुकडे घेऊन उठते. ते दुरुस्त करणारा कोणी येत नाही, कारण दुरुस्त करण्यासारखे त्यात काही ठेवलेलेच नाही.

हे नुसते खेळणाऱ्यांपुरते असते तर मी इतके लिहिलेही नसते. लातूर पॅटर्नच्या नावावर साऱ्या मराठवाड्यातून मुले-मुली इथे येतात, सकाळी क्लास आणि रात्री अभ्यासिका, म्हणजे वाढत्या वयात त्यांचा सगळा दिवस बसण्यात जातो. आईवडील पोटाला चिमटा काढून अशी एखादी खुर्ची घेतात आणि मुलगी पाय हलवत, पुढे वाकून, कडेवर बसून अभ्यास करते. कंबर दुखते म्हणाली की उत्तर तयार असते, "एवढी भारी खुर्ची घेऊन दिली, आता काय झालं?" मलाही घरात हेच ऐकावे लागले होते, की खुर्ची चांगली आहे, तुला सवय नाही. पायाला आणखी तीन इंच वाढण्याची सवय कशी लावायची असते, ते मला कोणी सांगितले नाही.

उंच माणसाला ही खुर्ची सुखाची आहे, एवढे मी लिहून देते. दिरांना विचारा.

भाचीने आज काही घेतले नाही. जाण्यापूर्वी तिने त्या मुलाला स्वतःहून विचारले, "दादा, पाच मिनिटं अजून बसून बघू का?" आणि त्याने नाराजीनेच का होईना, बसू दिले, त्याबद्दल त्याचे आभार. पाच मिनिटांनी तिने सांगितले की डावा पाय जड झाला आहे. मग आम्ही निघालो.

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर इथे खुर्चीला आखूड सिलेंडर बसवून देणारा कारागीर किंवा तसा सिलेंडर ठेवणारे दुकान कोणाला माहीत असेल तर कृपया कळवावे. बैठक जमिनीपासून साडेपंधरा ते सोळा इंचांपर्यंत खाली यायला हवी, बैठकीची खोली सोळा इंचांहून जास्त नको म्हणजे गुडघ्यामागे दोन बोटे मोकळी राहतील, पाठ जाळीची हवी, आणि बाजूच्या कडा सपाट असाव्यात. गेमिंग खुर्चीच हवी असा भाचीचाही हट्ट नाही, साधी कार्यालयीन खुर्ची चालेल. पुढच्या आठवड्यात मला कामानिमित्त नांदेडला जायचेच आहे, त्यामुळे तिकडचा पत्ता मिळाला तर अधिक सोयीचे होईल; टेप मी घरून घेऊन जाणार आहे.