गाडी सेक्शनमध्ये आहे

रेल्वेत मी आयुष्यभर पगारपत्रकं तपासली. इंजिनाशी माझा संबंध फलाटावर उभं राहून त्याची शिटी ऐकण्यापुरता. पण आमच्या ठाण्याच्या सोसायटीत 'रेल्वेतले काका' म्हटलं की हा माणूस रूळ टाकून, गाडी चालवून आणि झेंडी दाखवून मगच निवृत्त झाला, असं धरून चालतात. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत सेक्रेटरीबाई दारात हजर. "काका, पहिली-दुसरीतली मुलं आहेत. रेल्वेचा इतिहास शिकवाल? पण भाषण नको हं, करून दाखवायचं. हल्ली सगळं ॲक्टिव्हिटीतून असतं." मी तोंड उघडायच्या आत आमच्या हिने आतून सांगून टाकलं, "येतील की! घरी बसून काय करतायत?"

सुरुवात अर्थातच 16 एप्रिल 1853 पासून. बोरीबंदरहून दुपारी 3:35 ला गाडी निघाली, 14 डबे, 400 पाहुणे, आणि पोचली कुठे? आपल्या ठाण्याला! इथे मुलांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून मी जरा थांबलो. कबीरने विचारलं, "फास्ट होती की स्लो?"

"तेव्हा तसं काही नव्हतं रे."

"मुलुंडला थांबली?"

"तीन पस्तीस म्हणजे लेटच सुटली असणार," रेयांशने निकाल दिला. त्याचे बाबा रोज सीएसएमटीला जातात, त्यामुळे त्या घरात या विषयावर अधिकारवाणीने बोललं जातं.

त्या गाडीला तीन इंजिनं होती: साहिब, सिंध आणि सुलतान. ही नावं सांगताच क्लबहाऊसमध्ये दहा-बारा सुलतान तयार झाले. डबा व्हायला कुणी राजी नाही. रेल्वेसाठी खटपट करणाऱ्या नाना शंकरशेटांची पगडी म्हणून माझी कानटोपी देऊ केली, तर "उकडतं" म्हणून तीही परत आली. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या गाडीला 21 तोफांची सलामी होती. आमच्याकडे 21 ला कुणी थांबलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खाली येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा तोफखाना बंद पडला.

मग बोरघाट, 1863. यासाठी मी जिना निवडला होता. घाटाचा चढ 37 फुटांना 1 फूट, हे पायऱ्यांवर काही दाखवता आलं नाही, पण रिव्हर्सिंग स्टेशन झकास जमलं. डोंगराच्या अंगाला गाडी वळवायला जागाच नव्हती. म्हणून गाडी एका सपाट फाट्यावर जायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि शेवटचा डबा पहिला होऊन गाडी उरलेला चढ चढायची. आम्ही हे जिन्याच्या वळणावर केलं. मघापासून शेवटचा डबा म्हणून मुसमुसणारी ओवी एकदम पुढे आली. सुलतान कठड्याला घासत घासत तिच्यापुढे लागायला गेला, तर ती म्हणाली, "मला इंजिनाची गरज नाही." आणि गाडी खरंच तशीच वर गेली. कर्जतला आजही गाडी मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात, ती लागेपर्यंत गाडी थांबते आणि लोक वडा खातात, एवढं सांगितल्यावर पुढचा घाट "वडा, वडा" या तालावर चढला.

शंकासमाधानात एकच शंका, सगळ्यांची: "शू लागली तर?" इतिहासाच्या पुस्तकात हा प्रश्न मला कधी दिसला नव्हता, पण त्याला चोख उत्तर आहे. 1909 साली ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाने रेल्वेच्या साहेबाला पत्र लिहिलं. फणस जास्त झाल्याने पोट बिघडलं, स्टेशनवर उतरलो, तेवढ्यात गार्डाने शिटी मारली, आणि एका हातात लोटा, दुसऱ्यात धोतर धरून धावताना मी फलाटावर सर्वांदेखत पडलो! ते पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. हा प्रसंग मुलांनी करून बघितला. पुन्हा पुन्हा बघितला. या वेळी सगळ्यांना प्रवासी व्हायचं होतं, इंजिन कुणालाच नको.

शेवटी टोकन. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांमधल्या टप्प्यात, म्हणजे सेक्शनमध्ये, दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरला वेताच्या कडीतल्या थैलीतून लोखंडी गोळा देत. हातात गोळा नाही तर गाडी हलायची नाही. तो पुढच्या स्टेशनच्या यंत्रात पडल्याशिवाय दुसरा बाहेर येत नाही. आमची कडी म्हणजे तारा तुटलेली बॅडमिंटनची रॅकेट, तिला मोजा आणि मोज्यात टेनिसचा चेंडू. क्लबहाऊसचं दार ठाणे, लिफ्ट कळवा. हा नियम मात्र मुलांनी असा पाळला की आमच्या हेड ऑफिसने शिकवणी लावावी. इरा रॅकेट खांद्यात अडकवून झुकझुक करत निघाली.

साडेसात वाजले. आया न्यायला आल्या. एकही मूल जागचं उठेना.

"चल, वरणभात गार होतोय."

"गोळा आला नाही अजून."

"इरा कुठेय?"

"गाडी सेक्शनमध्ये आहे."

आई, आजी, सेक्रेटरीबाई, सगळ्यांनी समजावलं. ओवीने मलाच विचारलं, "आजोबा, गोळ्याशिवाय सोडलं तर टक्कर होईल ना?" मी रेल्वेचा माणूस, नाही कसं म्हणणार? चौथ्या मजल्यावर गेलो. इराच्या आईने दार उघडलं. कळव्याच्या लिफ्टमधून गाडी थेट घरी आली होती. गोळा कुठेय, म्हटलं. बाथरूमकडे बोट दाखवून ती म्हणाली, "अंघोळीला घेऊन गेलीय."