मित्राबरोबर लव्हस्टोरी बघायला जाताना घ्यायची काळजी

पहिली गोष्ट म्हणजे एकटं जायचं नाही. एकट्यानं अंधारात मनसोक्त रडायचं, तोंड धुवायचं आणि गुमान घरी यायचं, ह्यात काय मजा आहे सांगा. रडका लव्हस्टोरीचा पिक्चर बघायला शाळेपासूनचा मित्रच पाहिजे, आणि तोसुद्धा असा पाहिजे की तुमचं नाक एकदा जरी सूं वाजलं तरी पुढची दहा वर्षं गल्लीतल्या गणपतीत, लग्नाच्या पंगतीत, तुमच्या सासरच्या माणसांसमोर तो तेच काढत बसेल. माझ्याकडं असा एक आहे. तुमच्याकडंपण असणार, बेळगावात तसल्यांना तोटा नाही.

तिकिटाचं म्हणाल तर हिशोब आधी करू नका. आम्ही केला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारनं सांगितलं की कर्नाटकात तिकीट टॅक्स सोडून २०० रुपयांच्या वर न्यायचं नाही, मग आम्ही उरलेल्या पैशात समोसा का कोल्ड्रिंक ह्यावर दोन दिवस वाद घातला, आणि त्याच महिन्यात हायकोर्टानं स्थगिती दिली. पोरीनं होकार द्यावा आणि तिच्या बापानं त्याच आठवड्यात स्थळ बघायला घ्यावं, तसलं झालं ते. असो. पिक्चरच्या मूडला बरं पडलं.

आत गेल्यावर मधली खुर्ची मोकळी सोडायची. दोन गडी लव्हस्टोरीला चिकटून बसले तर बघणारे काय म्हणतील, म्हणून त्या खुर्चीवर हेल्मेट ठेवायचं. मग पिक्चरभर पडद्याकडं कमी आणि हेल्मेटच्या पलीकडं जास्त बघायचं, तो बघायलाय काय, त्याचे डोळे ओले झालेत काय, झाले असले तर मोबाईलचा टॉर्च मारावा काय. हिरोईनचं लग्न दुसऱ्याबरोबर ठरल्याचं मला इंटरव्हलमध्ये त्याच्याकडनंच कळलं.

आता मुद्द्याचं, म्हणजे नाकाचं. लोक समजतात रडणं लपवायचं म्हणजे डोळे पुसायचे. चूक. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातनं एक बारीक वाट थेट नाकात उतरते आणि डोळ्यातलं पाणी तिकडनंपण येतं, म्हणजे गॉगल लावून बसला तरी नाक घात करणारच. त्यावर उपाय एकच, पिक्चर सुरू व्हायच्या आधीच दोनतीनदा शिंकून ठेवायचं आणि ‘एसी लई सोडलाय रे’ म्हणायचं. आपलं गाव साधारण अडीच हजार फुटांवर, जुलैत इथं घरात बसून स्वेटर घालतात, त्यामुळं ह्यावर कुणी शंका घेत नाही. पुण्यामुंबईच्या लोकांना ही सोय नाही, त्यांनी आपलं बघून घ्यावं.

एसी बंद असला तर साउंडवर ढकला. हे मी मित्राकडनं शिकलो. २०१६ ला सैराट लागला तेव्हा शेवटी पडद्यावर सगळा आवाज थांबतो, तसं थिएटरपण गप्प झालं, आणि हा उठून उभा राहून म्हणतो, ‘साउंड गेला वाटतं, बघून येतो.’ गेला तो लाईट लागल्यावर पार्किंगमध्येच सापडला, तोंडाला पाणी मारलेलं. पुढच्या वर्षी त्याचा कन्नड रिमेक आला, मनसु मल्लिगे, हिरोईन तीच, रिंकू राजगुरू. हा गडी तिथंपण गेला, म्हणे आता तरी साउंड नीट केलाय काय ते बघायला. येताना डोळे लाल. साउंडबद्दल एक शब्द बोलला नाही. दुकानाच्या बोर्डावर ६० टक्के कन्नड पाहिजे असा कायदा आहे, पण माणसानं रडताना किती टक्के कुठल्या भाषेत रडायचं ते अजून कुणी ठरवलेलं नाही, तोवर काय ते उरकून घ्या.

आजूबाजूला म्हातारी बाई असली तर मात्र जागा बदला, आमच्या सगळ्या तयारीवर असल्याच एका आजींनी पाणी फिरवलं. हिरो स्टेशनवर एकटाच उभा, गाडी सुटलेली, मी छताकडं बघून पंखे मोजायलोय, हेल्मेटच्या पलीकडनं पॉपकॉर्न चावल्याचा आवाज येतोय (पुडा इंटरव्हललाच संपला होता), आणि मागच्या रांगेतनं आजी पुढं वाकून हळूच म्हणाल्या, ‘अळब्याड तम्मा.’ रडू नको बाळा. बरोबर दोन खुर्च्यांच्या मधोमध म्हणाल्या, हेल्मेटला.

‘तुला म्हणाल्या,’ तो म्हणाला.

‘तुलाच की,’ मी म्हणालो.

ह्याचा निकाल अजून लागलेला नाही, आमचा हा वेगळा सीमावाद चालू आहे.

परत येताना एकाच गाडीवर यायचं, मित्र मागं. म्हणजे तोंडं दिसत नाहीत. आम्हाला टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट बंद मिळालं. पाऊस इतका की रेनकोटच्या आतनं बनियनसुद्धा भिजलेला. गाडी काही लवकर येईना. पिक्चरबद्दल दोघांनीही एक अक्षर काढलं नव्हतं. मागनं एकदा जोरात नाक शिंकरल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, आणि मग तो म्हणाला, ‘धुरळा लई हाय रे ह्या रोडला.’

अशा वेळी आरशात बघायचं नाही. ‘होय की,’ म्हणायचं, आणि आपलेपण डोळे पुसून घ्यायचे.