आईचा नंबर पाठ नसावा?

आज संध्याकाळी विशीतल्या एका मुलाचा फोन बॅटरी संपून बंद पडला. शेजारच्या बाईंनी लगेच आपला फोन पुढे केला. मुलाने पहिले दोन आकडे दाबले आणि थांबला. खोडले. पुन्हा तेच दोन. आईला फोन लावायचा होता त्याला! शेवटी कसानुसा चेहरा करून त्याने फोन परत दिला.

बघून जीव तुटला. आणि संतापही आला, त्या मुलाचा नाही, "लक्षात कशाला ठेवायचं, फोन आहे ना" असं त्याला आजवर ऐकवणाऱ्या सगळ्यांचा.

तो नंबर विसरला नव्हता. नंबर त्याच्या डोक्यात कधी गेलाच नव्हता. नावावर बोट ठेवलं की फोन लागतो, आकडे नुसते डोळ्यांसमोरून जातात. चार नंबर समोर ठेवले असते तर आईचा त्याने ओळखला असता. पण ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं. २०११ मध्ये 'सायन्स' या विज्ञानविषयक नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात, माहिती कॉम्प्युटरवर सेव्ह राहणार असं ज्यांना वाटत होतं त्यांच्या ती कमी लक्षात राहिली. ती पुसली जाणार असं वाटणाऱ्यांच्या जास्त. जबाबदारी दुसऱ्यावर टाकली की मेंदू अंग काढून घेतो.

रस्त्याचंही तेच. फोनवरचा मॅप आपण वळू तसा फिरतो, म्हणून आपण कायम 'सरळ वर' जातो आणि दिशा कळतच नाही. निघण्याआधी मॅपची उत्तर दिशा वर ठेवून पूर्ण रस्ता एकदा बघा, वळणांवरच्या तीन ठळक खुणा धरा, आवाज बंद करा. वळल्यावर जमेल तिथे थांबून मागे बघा. परतताना तोच चौक उलट्या बाजूने दिसतो, लोक चुकतात ते तिथेच. लंडनचे टॅक्सीवाले लायसन्ससाठी हजारो रस्ते पाठ करतात. २००० साली झालेल्या अभ्यासात त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे जागा नि रस्ते लक्षात ठेवणाऱ्या भागाचा, मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला होता.

हिशेबाचं थोडक्यात सांगते. कॅल्क्युलेटरवर ४८ गुणिले २१ करण्याआधी मनात ५० गुणिले २० करा, साधारण हजार. मग चुकून २१ ऐवजी २१० दाबलं गेलं आणि १०,०८० आले, तर ते डोळ्याला खटकेल. अंदाजच नसेल तर स्क्रीनवर येईल ते खरं.

हो, शेकडो नंबर कुणीच पाठ करू शकत नाही, आणि फोनमुळे अडीअडचणीला माणसं सापडतात. मान्य. मी फक्त जवळच्या तीन माणसांच्या नंबरांचं म्हणतेय.

कागदावर लिहा. दहा आकडे एका दमात डोक्यात मावत नाहीत, म्हणून तीन, तीन, चार असे तोडा. कागद उलटा करून मोठ्याने म्हणा. अडलात तर लगेच बघू नका, आधी दहा-पंधरा सेकंद झगडा. ती धडपडच नंबर पक्का करते. दहा मिनिटांनी पुन्हा, दुसऱ्या दिवशी सकाळी, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने. एकाच बैठकीत वीसदा घोकलं तर त्या वेळी येतं, चार दिवसांनी उडतं.

मग त्या माणसाला नावावरून फोन लावणं बंद करा, डायलपॅडवर आकडे दाबा. इथे एक गोची आहे. तीन-चार आकडे झाले की फोन स्वतःच नाव सुचवतो. त्यावर बोट गेलं की मेहनत फुकट. दहाही आकडे स्वतः दाबायचे.

आजच्या त्या मुलाला नंतर कुणीतरी चार्जर दिला. फोन सुरू झाला, त्याने 'आई' वर बोट ठेवलं, बोलला, आवाज भरून आला होता त्याचा. मग फोन खिशात टाकून निघाला.

नंबर त्याने बघितलाही नाही. तीन मिनिटं तरी थांबायला हवा होता रे पोरा. मुलं घरात असतील तर आज जेवायच्या आधी त्यांच्या हातात दुसऱ्याचा फोन द्या आणि म्हणा, आईला लाव.