१ स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : तो हिरवा टिक आमच्यामुळेच आला होता

नमस्कार. कोडमधल्या चुका शोधणारं हे लिंट टूल बनवणाऱ्या छोट्या टीमपैकी मी एक, आणि सपोर्टला तीन दिवसांनी "डॉक्युमेंटेशन वाचा" एवढंच उत्तर देणारा माणूसही मीच. तेव्हा इतर कोणावर खापर फोडायची सोयच नाहीये. त्या उत्तराबद्दल आधी माफी मागतो, तीन दिवस लावून असलं उत्तर द्यायचं म्हणजे न दिलेलं बरं.

रिव्ह्यू न वाचलेल्यांसाठी थोडक्यात, तक्रारी चार. लिंटने ४१ एरर दाखवले तरी सीआय (नवा कोड आपोआप तपासणारी यंत्रणा) हिरवं झालं आणि तो कोड मुख्य कोडमध्ये मर्ज झाला. बॅकग्राउंडला चालणारी, फाइल बदलली की तपासणारी वॉच सर्व्हिस मेली होती पण स्टेटस विचारलं की "चालू आहे" येत होतं. डिस्क अर्धी रिकामी असताना "डिस्कवर जागा नाही" असा एरर आला. आणि शेवटची, टूल फालतू वॉर्निंग्स फार देतं.

आता पहिलीबद्दल खरं काय झालं ते सांगतो. तुमचा स्क्रीनशॉट बघितल्या बघितल्या मी उत्तर टाइप करायला घेतलं होतं की साहेब हा प्रॉब्लेम तुमच्या स्क्रिप्टचा आहे, आमचा नाही. कारण तुमची ओळ अशी होती की आमची कमांड, मग पाइप (एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणारं चिन्ह), मग टी कमांडने रिपोर्ट फाइलमध्ये सेव्ह. कमांड संपताना एक नंबर सोडून जाते, ० म्हणजे सगळं ठीक, दुसरं काहीही म्हणजे गडबड, आणि सीआय फक्त तो नंबर बघतं, वर लाल अक्षरात कितीही बोंब मारली तरी त्याला ऐकू येत नाही. पण पाइप लावला की शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, शेवटच्या कमांडचा नंबर धरतं. आमच्या टूलने १ दिला होता, टी बिचारीचं काम होतं फाइल लिहायचं, ते तिने चोख केलं आणि ० दिला, झालं हिरवं. हे सगळं लिहून झालं आणि म्हटलं सोबत आपल्या डॉक्युमेंटेशनची लिंक देऊ, म्हणून ते पान उघडलं तर तिथे "सीआयमध्ये कसं वापरायचं" खाली तंतोतंत तीच ओळ. फाइलचं नावसुद्धा तेच. म्हणजे तुम्ही आमचं उदाहरण जसंच्या तसं कॉपी केलंत, आणि वर मी तुम्हाला डॉक्युमेंटेशन वाचायला सांगत होतो! तुम्ही ते वाचलं होतं, न वाचलेला मीच होतो.

ती ओळ आज काढली. तुमच्याकडे लगेच करायचं असेल तर स्क्रिप्टच्या वर सेट -ओ पाइपफेल टाका, मग पाइपमधली कुठलीही कमांड पडली की सगळी ओळ पडलेली धरली जाते. पण सीआयमधली ती पायरी बॅश या शेलवर चालत्ये ना ते बघा, काही ठिकाणी साधं एसएच असतं आणि तिथे पाइपफेल चालेलच असं नाही. अजून एक, आत्तापर्यंत लिंटला चूक सापडली तरी १ आणि टूल स्वतः कोसळलं तरी १ असा आमचा कारभार होता. जावास्क्रिप्टचं लिंट टूल ईएसलिंट खूप आधीपासून हे वेगळं ठेवतं, चुका सापडल्या तर १, कॉन्फिगरेशन बिघडलं किंवा टूलच पडलं तर २. पुढच्या व्हर्जनपासून आम्हीही तसंच करतोय.

दुसरी तक्रार. यात सबब द्यायला जागाच नाही, आणि तुम्ही लॉग दिलेत म्हणून तरी सापडलं. सर्व्हिस तुमच्या यूजरखाली चालते, आणि सिस्टिमडीचा (लिनक्सवर सर्व्हिसेस चालू-बंद करणारा प्रोग्राम) नियम असा की त्या यूजरचं शेवटचं सेशन बंद झालं की थोड्या वेळात त्याच्या सर्व्हिसेसही गुंडाळायच्या, लिंगर (लॉगआउटनंतरही सर्व्हिसेस चालू ठेवायचं सेटिंग) चालू केलेलं नसेल तर. तुम्ही संध्याकाळी एसएसएचमधून (सर्व्हरवर दुरून केलेल्या लॉगिनमधून) बाहेर पडलात, सिस्टिमडीने सिगटर्म, म्हणजे बंद हो असा सिग्नल, पाठवला, आमची सर्व्हिस गेली. इथपर्यंत एक वेळ नियमाप्रमाणे म्हणू. पण आम्ही कंट्रोल-सी पकडून नीट आवराआवर करत होतो आणि सिगटर्म पकडतच नव्हतो (डेव्हलपमेंट करताना सगळे कंट्रोल-सीच मारतात, त्यामुळे टेस्ट पण त्याचीच झाली), म्हणून पीआयडी फाइल (चालू प्रोसेसचा नंबर लिहून ठेवलेली) तशीच पडून राहिली. ती होम फोल्डरमध्ये, त्यामुळे सर्व्हर रीबूट झाला तरी जागच्या जागी. फाइलमध्ये नंबर १८४३, आणि रीबूटनंतर कर्नलने (लिनक्सचा गाभा) १८४३ भलत्याच प्रोसेसला दिलेला. आमचं स्टेटस काय करत होतं, तर त्या नंबरची प्रोसेस आहे का एवढंच विचारत होतं. आहे म्हटल्यावर "चालू आहे". कोण आहे ते कोण बघतंय! तुम्ही परत लॉगिन केलंत तेव्हा सर्व्हिस उठली, तिनेही तीच फाइल बघितली, "मी तर आधीच चालू आहे" असं ठरवलं आणि बाहेर पडली, तेही ० देऊन, त्यामुळे सिस्टिमडीला वाटलं काम संपलं असेल आणि त्याने रीस्टार्टही केलं नाही. तीन दिवस कोड कोणीच तपासत नव्हतं. म्हणजे तुमची पहिली आणि दुसरी तक्रार मुळात एकच, जिथे बोंब मारायची तिथे आमच्यामुळे शून्य गेला.

आता पीआयडी फाइलवर लॉक घेतोय, प्रोसेस कशीही मेली तरी कर्नल तो लॉक स्वतःच सोडतं, त्यामुळे नंबर कोणाचाही असो फरक पडत नाही. आणि इन्स्टॉल करतानाच लिंगर बंद दिसलं तर तसं स्पष्ट सांगणार.

तिसरं, जागा नाही वाला एरर. हे वाचून सगळ्यात वाईट वाटलं, कारण तुम्ही लिहिलंय की जागा करायला म्हणून जुने बिल्ड उडवले. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली ती. लिनक्सवर फाइल बदलली की कळावं म्हणून आम्ही इनोटिफाय वापरतो, त्यात एक वॉच एकाच फोल्डरवर लागतो, आतल्या फोल्डरांना प्रत्येकी वेगळा. डिपेंडन्सीचं (प्रोजेक्टला लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररींचं) फोल्डर धरलं तर प्रोजेक्टमध्ये हजारो फोल्डर सहज होतात. एका यूजरला किती वॉच मिळणार याला मर्यादा असते, जुन्या कर्नलवर डिफॉल्ट ८१९२, कर्नल ५.११ पासून ती मशीनच्या रॅमप्रमाणे ठरते. मर्यादा संपली की कर्नल जो एरर नंबर देतं, २८, तो डिस्क भरल्यावर मिळतो तोच. आम्ही त्याचा ठरलेला मजकूर जसाच्या तसा तुमच्या स्क्रीनवर फेकला. नंबर कर्नलचा असला तरी त्या जागी तो वॉचबद्दल बोलतोय हे आम्हाला माहीत होतं, तुम्हाला माहीत असायचं कारणच नव्हतं. आता तिथे "वॉचची मर्यादा संपली" असं लिहून येईल, किती लागतायत आणि किती मिळालेत त्या आकड्यांसकट. आणि डिपेंडन्सीची फोल्डरं आपणहून वगळली जातील, ती आधीच वगळायला हवी होती खरं तर.

चौथ्यावर मात्र माझं जरा वेगळं मत आहे, राग मानू नका. लिंट हे नावच कपड्याला चिकटणाऱ्या लवीवरून आलंय, १९७८ साली बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी तसलं पहिलं टूल लिहिलं, तर बारीकसारीक वेचणं हे याचं कामच आहे. तुम्ही फालतू म्हणून जी वॉर्निंग दाखवलीत ती शेल स्क्रिप्टमधली होती, न विचारता सगळं उडवणाऱ्या आरएम -आरएफच्या पुढे व्हेरिएबल, अवतरणचिन्हं नाहीत, आणि त्याला लागून स्लॅश. ते व्हेरिएबल एखाद्या दिवशी रिकामं आलं की उरतो नुसता स्लॅश, म्हणजे सिस्टिमचं मूळ फोल्डर, आणि त्याच्या पुढे तुम्ही जे लिहिलं असेल ते. ही वॉर्निंग मी बंद करणार नाही, आणि तुम्हीही करू नका, त्यात नुसती अवतरणचिन्हं घालूनही भागणार नाही, रिकामं असेल तर स्क्रिप्ट थांबलीच पाहिजे. बाकी जुन्या कोडवर पहिल्याच दिवशी शेकडो वॉर्निंग्सचा धबधबा अंगावर येतो हे मान्य. त्यासाठी आजची स्थिती गोठवून फक्त नव्या ओळींवर बोलायचं अशी सोय बीटामध्ये आहे, हवी असेल तर कळवा, सुरू करून देतो.

रिव्ह्यू आहे तसा राहू द्या, जे लिहिलंय ते त्या व्हर्जनबद्दल बरोबरच आहे. फक्त कर्नलचं व्हर्जन सपोर्टला पाठवाल का, यावेळी उत्तर त्याच दिवशी येईल. आणि नवं व्हर्जन टाकेपर्यंत ती जुनी पीआयडी फाइल हाताने उडवा, लिंगर चालू करा, आणि सर्व्हिस जिवंत आहे का हे आमच्या स्टेटसला विचारू नका, सिस्टिमडीच्या सिस्टिमसीटीएल कमांडला विचारा.